तुरीच्या तासातला गांजा, गावठाणातली देशी आणि आपली नैतिकता

तुरीचं तास (धागाकर्ता) · रविवार, रात्री 9:10

मागच्या महिन्यात आमच्या शेजारच्या शिवारात पोलिसांची गाडी आली. कापसात तुरीची तासं होती आणि तुरीच्या आडोशाला गांजाची सदतीस झाडं. मुळासकट उपटली, पेंढ्या बांधल्या, पंचनामा, फोटो. दुसऱ्या दिवशी पेपरात 'लाखोंचा गांजा जप्त'. शेतकरी अडीच एकराचा मालक, स्वतः कधी बिडीसुद्धा ओढत नाही. बाहेरचा कोणीतरी बी देऊन गेला होता, 'दिवाळी झाली की मीच येऊन नेतो' म्हणाला होता. तो माणूस आजतागायत कोणाला सापडलेला नाही.

त्याच गावात, ग्रामपंचायतीपासून हाकेच्या अंतरावर, सरकारमान्य देशी दारूचं दुकान आहे. ह्याच शेतकऱ्याचा थोरला भाऊ त्या दुकानापायी गेला. लिव्हर. वय 41. त्याचा पंचनामा कोणी केला नाही.

मी गांजाची तरफदारी करायला बसलेलो नाही. शाळेत शिकवतो, लातूरकडचा आहे, आठवी-नववीतल्या पोरांच्या खिशात काय काय सापडतं ते रोज बघतो. पण दारूला परवाना, गुटख्याला बंदी, गांजाला तुरुंग आणि तंबाखूला एमआरपी, ही वाटणी कोणी आणि कशावरून केली? नुकसानीचा हिशोब मांडून, का नशेची जात बघून?

थोडा इतिहास, कारण 'आपली संस्कृती' हा शब्द चौथ्या-पाचव्या प्रतिसादात येणारच आहे. इंग्रजांनी 1893-94 मध्ये ह्याच विषयावर सात जणांचा आयोग बसवला होता. हजारावर साक्षी घेतल्या आणि निष्कर्ष काढला की माफक सेवनाने फारसं बिघडत नाही, सरसकट बंदी नको, कर आणि परवाने लावून आवर घाला. मग 1961 चा आंतरराष्ट्रीय करार आला. त्यात गांजा बंद करायला 25 वर्षांची मुदत होती. ती भरत आली तसा 1985 साली आपला अमली पदार्थांविरुद्धचा एनडीपीएस कायदा आला. म्हणजे आज आपण जे 'पहिल्यापासूनचं पाप' समजतो, त्याला कायद्याने पाप होऊन चाळीसच वर्षं झाली. आमचे आजोबा तर निजामाच्या राज्यातल्या गांजाच्या दुकानाबद्दल सांगायचे, जसं आपण रेशन दुकानाबद्दल बोलतो.

तर मंडळी, ओढणाऱ्याला तुरुंगात घालून काय मिळतं? आणि उद्या सगळं मोकळं केलं तर आपल्या गावात काय होईल? कॅलिफोर्नियात नव्हे, आपल्या गावात.

काळा कोट · रात्री 9:48

धागा चांगला आहे, पण आधी कायदा नीट मांडू या. निम्मा वाद तिथेच मिटतो.

कायद्यात गांजा म्हणजे फक्त झाडाचे फुलोऱ्याचे किंवा फळं धरलेले शेंडे. नुसतं पान आणि बी त्यात येत नाही. म्हणून भांग एनडीपीएसच्या बाहेर राहते आणि राज्याच्या दारूबंदी कायद्यात येते, जिथे तिलाही परवाना लागतोच. शिवरात्रीला परळीत किंवा औंढ्यात कोणी मोकळेपणाने घोटत असेल तर ते कायद्याने नव्हे, डोळेझाकीने.

गांजा 1 किलोपर्यंत म्हणजे 'अल्प प्रमाण', शिक्षा एक वर्षापर्यंत. 20 किलोच्या पुढे 'व्यापारी प्रमाण', तिथे किमान दहा वर्षं आणि जामीन जवळजवळ अशक्य. आता गंमत बघा. शेतात पोलीस झाड मुळासकट उपटतात आणि ओलं झाड, खोड, मुळं, माती सगळं काट्यावर ठेवतात. सदतीस झाडं अशी तोलली तर किती किलो भरतील? शेंडे तोडून तोलले तर किती? ह्या एका मुद्द्यावर माझ्या दोन अशिलांना जामीन मिळालाय. पण लागवडीचं कलम वेगळं आहे. तिथे वजन नाही, झाडांची संख्याही नाही. सापडलं की दहा वर्षांपर्यंत आणि लाखापर्यंत दंड. तुमचा शेजारी तिथे अडकणार.

आणि ज्याचा कोणी उपयोगच करत नाही ते कलम 64अ. व्यसनी माणूस सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात सापडला आणि स्वतःहून मान्यताप्राप्त केंद्रात उपचाराला तयार झाला, तर त्याच्यावर त्या गुन्ह्याचा खटला चालत नाही. बावीस वर्षांच्या वकिलीत ह्या कलमाचा अर्ज मी तीनदा केला. आरोपीच्या बापाला समजावण्यात जास्त वेळ गेला. त्याला पोरगा 'गंजेडी' म्हणून नोंदला जाण्यापेक्षा 'खोट्या केसमध्ये अडकवला' म्हणून सुटायला हवा होता.

परभणी ते टोरांटो · रात्री 10:20

इथे कॅनडात 17 ऑक्टोबर 2018 पासून गांजा कायदेशीर आहे. आमच्या ऑन्टारिओत वय 19 पूर्ण पाहिजे, बाहेर फिरताना 30 ग्रॅमपर्यंत जवळ ठेवता येतो, घरी चार झाडं लावता येतात. दुकान औषधाच्या दुकानासारखं चकाचक. पुडीवर किती टक्के काय आहे ते छापलेलं. आभाळ कोसळलं नाही. पोलिसांच्या केसेस धाडकन कमी झाल्या, सरकारला कर मिळतो. चोरटा धंदा संपलाय असं नाही, पण लोक हळूहळू दुकानाकडे वळले. आपण लोक उगाच घाबरतो.

गोदाकाठची · रात्री 10:41

टोरांटोदादा, तुमच्या दुकानात आयडी मागतात. आमच्याकडे सहावीतला पोरगा बापासाठी क्वार्टर आणतो आणि सुट्ट्या पैशांचं चॉकलेट त्याला दुकानदारच देतो.

'नुकसानीचा हिशोब' म्हणालात ना सर, तो मी देते. आमच्या गावातलं देशीचं दुकान आम्ही आडवी बाटली करून बंद केलं. पंचवीस टक्के बायकांच्या सह्या लागतात, मग गुप्त मतदान. लिहायला एक ओळ लागते. सह्या गोळा करायला आम्हाला सात महिने लागले. एकदा अर्ज परत आला, कारण बऱ्याच जणींचं मतदार यादीत माहेरचं नाव होतं. सह्यांची पडताळणी ठेवली ती कापूस वेचणीच्या दिवसांत. रोज बुडवून बायका आल्या. माझ्या सासूने अंगठा दिला आणि त्या रात्री सासऱ्याने तिला जेवू दिलं नाही. तरी मतदानाला ती नवी साडी नेसून पहिल्या रांगेत.

बाटली आडवी झाली. मग काय झालं ते पण प्रामाणिकपणे सांगते, कारण 'बंदी केली तरी मिळतेच' हे कोणीतरी म्हणणार. हो, मिळते. दोन किराणा दुकानात मिठाच्या पोत्यामागे असते. महाग मिळते. हातभट्टी पण परत सुरू झाली, नवसागराचा वास ओढ्याकडून येतो. पण दुकान होतं तेव्हा शाळेच्या वाटेवर पडलेली माणसं ओलांडून पोरी जायच्या, ते बंद झालं. नवरा हप्त्याला चार दिवस प्यायचा, आता दोन दिवस पितो, कारण पुढच्या गावापर्यंत तीन किलोमीटर जायचा कंटाळा येतो. ते दोन दिवस माझे आहेत. 'बंदीने काही फरक पडत नाही' असं शहरात बसून लिहिणाऱ्यांना हे दोन दिवस दिसत नाहीत.

म्हणून माझं मत सरळ आहे. आहे ते एक आवरत नाही, दुसरं कशाला सोडता?

हुरडा पार्टी · रात्री 10:44

गोदाकाठच्या ताई, +1000. ह्यापुढे आकडेवारी टाकणाऱ्यांनी जरा दमानं घ्यावं.

जमादार (रिटायर) · रात्री 11:15

नोकरी चौतीस वर्षं केली, त्यातली बरीच मराठवाड्यातच. खरं सांगू का, ही चर्चा तुम्ही चुकीच्या टोकाकडून करू लालेत.

गुटख्याला 2012 पासून बंदी आहे. मला एक टपरी दाखवा जिथं पुडी मिळत नाही. सीमेपलीकडून माल येतो, रात्रीतून वाटला जातो. वरून फोन आला की आम्ही टपरीवाल्याला उचलायचो. ट्रक कधी दिसत नसतो, टपरी रोज दिसती. गांजाचं तसंच. विशाखापट्टणमकडून माल निघतो, नांदेडावरून पुढं जातो. आमच्या हाती कोण लागतो? डब्यात पिशवी घेऊन बसलेला पोरगा. त्याला पाच हजार मिळणार असतात अन् मालक कोण ते त्याला सुद्धा ठाऊक नसतं.

आता दुसरी बाजू ऐका. संभाजीनगरात विचारा पोरं काय खातेत. बटन. झोपेची गोळी, नायट्राझेपाम. ही काय बेकायदेशीर वस्तू हाय का? कारखान्यात बनते, मेडिकलवर मिळते, डॉक्टरची चिठ्ठी लागती, दुकानदारानं वहीत नोंद करायची असती. म्हणजे टोरांटोवाले म्हणतेत तसलं सगळं लिहून ठेवलेलं हाय. तरी गल्लीत एकेक गोळी सुटी विकत्यात. खोकल्याच्या औषधाचं पण तेच. तवा 'कायदेशीर करून नियंत्रण ठेवू' म्हणणाऱ्याला माझं म्हणणं एकच, जे नियंत्रणात हाय ते आधी नियंत्रणात आणून दाखवा.

परभणी ते टोरांटो · रात्री 11:31

जमादारसाहेब, हा मुद्दा मला सुचलाच नव्हता. पण मग ह्याचा अर्थ बंदीही चालत नाही आणि परवानाही चालत नाही. करायचं काय?

संपादक · रात्री 11:50

दोन प्रतिसाद उडवले आहेत. कोणत्या समाजाचे लोक काय ओढतात ह्यावर इथे चर्चा होणार नाही. तुळजापुरात फेब्रुवारी 2025 मध्ये एमडी (मेफेड्रोन) सापडलं त्यावर राजकीय पक्षांच्या नावाने चिखलफेक करायची असेल तर दुसरीकडे जा.

कोरडवाहू · सोमवार, सकाळी 6:35

रात्री लाईट नव्हती म्हणून आता लिहितो.

सर, तुमच्या शेजाऱ्यानं गांजा कामून लावला हे कोणीच इचारलं नाही. 2024 ला सोयाबीनचा हमीभाव 4892 होता अन् आडतीत चार हजाराच्या आसपास मागत होते. काढणीचा खर्च वेगळा. सोलापूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्यानं 2021 ला थेट जिल्हाधिकाऱ्याकडं अर्ज केला होता, कुठल्याच पिकाला भाव नाही तर मला गांजा लावायची परवानगी द्या म्हणून. लोकं हसले. मला हसू आलं नाही.

मध्य प्रदेशातल्या मंदसौर-नीमचच्या शेतकऱ्याला सरकार अफूचा पट्टा, म्हणजे लागवडीचा परवाना देतं, कायद्यानं. उत्तराखंडात 2018 पासून तागासारख्या वापराच्या भांगेची लागवड परवान्यानं चालू हाय. आमच्याकडं 2012 ला परळी तालुक्यात अफू सापडली तवा लोकं म्हणले आम्ही तर खसखस लावली. खरं-खोटं देव जाणे. पण मंदसौरची माती अन् आमची माती ह्यात सरकारला काय फरक दिसतो?

काळा कोट · सकाळी 9:05

कोरडवाहू भाऊ, अफूच्या पट्ट्याचं सुख लांबून दिसतं तसं नाही. बोंडाला चिरा देऊन चीक काढायला सुरुवात झाली की रोजचा चीक सरकारने नेमलेल्या लंबरदाराच्या वहीत चढतो. हंगाम संपला की सगळा सरकारला, सरकारच्या भावाने. ठरवून दिलेल्यापेक्षा उत्पादन कमी भरलं की पट्टा जातो. एवढा पहारा ठेवूनही चोरवाटेने माल निघतोच, कारण चोरबाजारातला भाव कितीतरी जास्त. आणि पट्टा कोणाला मिळणार, कोणाचा रद्द होणार, हे ठरवणारा माणूस त्या तालुक्यातला सगळ्यात मोठा माणूस होतो. आपल्याकडे उसाच्या काट्यावर काय चालतं ते तुम्हाला मी सांगायला नको.

तंतूची भांग वेगळी. तिच्यात नशेचं द्रव्य नावापुरतंच असतं, 0.3 टक्क्यांच्या आत. तिच्यासाठी राज्याला नियम करता येतात, कायद्यात तशी सोय आहे. त्यावर स्वतंत्र धागा काढा, मी येतो.

तुळशीमाळ · सकाळी 10:10

'संस्कृती' शब्द चौथ्या प्रतिसादात आला नाही, दहाव्यात मी आणतो. :)

आमच्याकडे दारू सोडायची एकच पद्धत लोकांनी मनापासून मानलेली आहे, ती म्हणजे माळ घालणं. घरात चार पिढ्यांत कोणी डॉक्टरकडे गेला नाही, पण पंढरीला किंवा पैठणला नाथषष्ठीला जाऊन माळ घातली आणि सुटली, असे माझ्या एका आळीतच पाच जण आहेत. परत प्यायचं तर आधी माळ उतरवावी लागते आणि ती उतरवताना अख्खा गाव बघतो. ह्याला शास्त्र म्हणा नाहीतर लाज म्हणा. कायद्याला ही लाज निर्माण करता येत नाही. मोकळीक दिली तर आहे ती लाजही जाईल, ही माझी भीती. साधू चिलीम ओढतात म्हणून ते शास्त्र होत नाही. साफी भिजवून चिलमीला गुंडाळणारा प्रत्येक जण बैरागी नसतो.

जुनी वही · सकाळी 11:25

तुळशीमाळ, लाजेचा मुद्दा पटला, पण सरकारला ती कधी वाटली नाही एवढं नमूद करतो.

हैदराबाद मुक्तिसंग्रामात स्वामी रामानंद तीर्थांच्या आंदोलनातला एक कार्यक्रमच होता, शिंदीची झाडं तोडायचा. का? शिंदी पिऊन लोक बिघडतात म्हणून थोडं, आणि निजामाची आबकारी बुडवायची म्हणून जास्त. गावोगावची पोरं रात्री कुऱ्हाडी घेऊन बनात जायची. झाड पडलं की त्या झाडाचा निजामाचा कर पडला. माझ्या चुलत आजोबांना ह्यासाठी मार बसला होता आणि पुढे ते म्हातारपणापर्यंत तो खांदा दाखवायचे.

17 सप्टेंबर 1948 ला निजामाचं राज्य गेलं. आबकारी राहिली. आज महाराष्ट्र सरकारला दारूतून वर्षाला वीस हजार कोटींच्या वर महसूल मिळतो. दुसरीकडे 1949 चा दारूबंदी कायदा अजून पुस्तकात आहे. त्या कायद्याने आपल्या राज्यात प्यायला परवाना लागतो. किती जणांच्या खिशात आहे हो? चंद्रपुरात 2015 साली दारूबंदी केली, 2021 मध्ये उठवली. दोन्ही वेळा कारणं जनहिताचीच होती.

म्हणून गांजा कायदेशीर करा म्हणणाऱ्यांना मी विचारतो, तिजोरीला त्याची सवय लागली की मग सोडवणार कोण? माणसाला माळ घालता येते. अर्थखात्याला कोण घालणार?

हुरडा पार्टी · सकाळी 11:27

अर्थखात्याला माळ! वाचनखूण साठवली.

ओपीडी नंबर 12 · दुपारी 2:40

मराठवाड्यातल्या एका सरकारी रुग्णालयात समुपदेशक आहे. नाव-गाव नको.

2019 मध्ये एम्सचं देशव्यापी सर्वेक्षण आलं. दारू पिणारे साधारण 16 कोटी, त्यातले 5.7 कोटी त्रासाच्या पातळीला पोचलेले. भांग-गांजा-चरस घेणारे 3.1 कोटी, त्रासाच्या पातळीला 72 लाख. म्हणजे धागाकर्ते म्हणतात ते बरोबर, आकड्याने दारूच मोठी. पण गांजा निरुपद्रवी आहे हे मी लिहून देणार नाही. सोळा-सतरा वर्षांची पोरं माझ्यासमोर येतात, भिंतीतून आवाज येतात म्हणणारी. घरात आधीच मानसिक आजाराचा इतिहास असेल तर गांजा तो लवकर ओढून बाहेर काढतो. कमी वयात सुरुवात आणि रोजचं सेवन, हे दोन्ही एकत्र आलं की धोका वाढतो. चांगल्या घरातली मुलं असतात ही.

आणि 'ड्रग्ज' असा एकच शब्द वापरू नका. एमडी म्हणजे मेफेड्रोन, ते 2015 मध्ये एनडीपीएसच्या यादीत आलं. त्याच्या आधीची दोन-तीन वर्षं ते कायद्याच्या बाहेरच होतं, आणि त्याच काळात ते मुंबईत पसरलं. 'मोकळीक' कशी दिसते त्याचा हा आपल्या घरचाच नमुना. गांजाची आणि ह्याची एकत्र बाजू कोणी मांडू नये.

पोर्तुगालचं उदाहरण अजून कोणी दिलं नाही म्हणून मीच देते. 2001 मध्ये त्यांनी सेवन गुन्ह्यातून काढलं, विक्री नाही. दहा दिवस पुरेल एवढाच साठा सापडला तर कोर्टाऐवजी तीन जणांच्या समितीसमोर बसायचं. सगळे एवढंच सांगतात. त्यांनी सोबत उपचाराची केंद्रं उभी केली, हे राहून जातं. अमेरिकेतल्या ओरेगॉनने 2020 मध्ये मतदान घेऊन तसंच केलं, उपचाराची व्यवस्था मागे पडली, लोक वैतागले आणि 2024 मध्ये स्वतःपुरतं जवळ बाळगणं परत गुन्हा झालं. आता माझ्या ओपीडीबाहेर बाकडं एक आहे. समजा उद्या कायदा बदलला आणि कोर्टाऐवजी पोरं माझ्याकडे पाठवली, तर ती बसणार कुठे?

माझं मत विचाराल तर सेवनासाठी तुरुंग नको, विक्रीला मोकळीक नको, आणि आधी बाकडी वाढवा.

गोदाकाठची · दुपारी 3:30

ओपीडीताई, तुमचं पटलं. ओढणाऱ्या पोराला जेलात घालू नका, एवढं मी मान्य करते. माझ्या नवऱ्याला जेलात घातलं असतं तर घर आणखी बुडालं असतं. पण दुकान नको म्हणजे नको.

तुरीचं तास · संध्याकाळी 7:15

सगळे प्रतिसाद वाचले. धागा टाकला तेव्हा माझा कल मोकळीकीकडे होता, हे कबूल करतो. 'बटन' आणि 'ते दोन दिवस' ह्या दोन गोष्टींनी मी हललो. पण लागवडीच्या कलमाबद्दल माझा राग तसाच आहे. बी देणारा मोकळा, शेंडे नेणारा मोकळा, पाणी घालणारा आत. शेजाऱ्याच्या जामिनाची तारीख गुरुवारची आहे. कापूस फुटलाय, बायको एकटी वेचते. वकीलसाहेब, वजनाचा मुद्दा त्यांच्या वकिलाला कळवू का?

काळा कोट · संध्याकाळी 7:32

कळवा. पंचनाम्याची प्रत मागून घ्या, त्यात झाडं मुळांसकट तोललीत का ते लिहिलेलं असतं. नमुना कसा आणि कधी काढला तेही बघा. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

नवा आयडी 7 · रात्री 11:58

पहिल्यांदाच लिहितोय. दोन दिवस नुसता वाचत होतो. माझा लहान भाऊ, वय 19, बटन घेतो. वर्ष झालं असेल. आज सापडल्यावर सगळ्या गोळ्या संडासात टाकल्या आणि त्याला खोलीत कोंडलंय. हात थरथरतायत त्याचे. पोलिसात गेलो तर त्यालाच आत टाकतील का?

ओपीडी नंबर 12 · मंगळवार, रात्री 12:06

आधी दार उघडा. ही गोळी रोज घेणाऱ्याने एकदम बंद केली तर झटके येऊ शकतात, ती डॉक्टरच्या देखरेखीखाली हळूहळू कमी करतात. त्याला एकटं सोडू नका. झटका आला, बडबडायला लागला किंवा ताप चढला तर सकाळची वाट बघू नका, लगेच 108 ला फोन करा. कोणत्या गोळ्या, किती, शेवटची कधी, हे कागदावर लिहून ठेवा. गाव कोणतं?

नवा आयडी 7 · रात्री 12:09

संभाजीनगरच. सिडको. दार उघडलं. आई बसलीय त्याच्याजवळ.

काळा कोट · रात्री 12:14

उपचाराला नेणं हा गुन्हा नाही. कोणी विचारलं तर वर मी लिहिलेलं कलम 64अ लक्षात ठेवा.

ओपीडी नंबर 12 · रात्री 12:16

घाटी, म्हणजे सरकारी रुग्णालय, जवळ आहे तुम्हाला. थरथर वाढत असेल तर आत्ताच अपघात विभागात न्या, तिथे रात्रभर डॉक्टर असतात. नाहीतर सकाळी लवकर मानसोपचारच्या ओपीडीला, आधार कार्ड आणि तो कागद घेऊन. 14446 हा व्यसनमुक्तीचा मोफत नंबर आहे, तोही जवळ ठेवा.

जमादार (रिटायर) · रात्री 12:21

मी हडकोत राहतो, जागा हाय. गाडी नसली तर नंबर व्यनि करा, स्कूटर नको, तिघं लागतेत धरायला. रिक्षा घेऊन येतो.